दुबईची साखळी

सोनारकाका ताईच्या साखळीची कडी सांधत होते. कडीत पांढऱ्या दोऱ्याचा एक बारीक धागा अजून अडकलेला मला दिसला. त्या दोऱ्याला ‘भारतात बनवलेले’ अशी चिठ्ठी होती. दुबईहून ताईसाठी काही आणायचं राहून गेलं, म्हणून मी इथल्याच बाजारात साखळी घेतली आणि घराच्या जिन्यात ती चिठ्ठी तोडून टाकली.

“दुबईची आहे हो काका,” ताई कौतुकानं म्हणाली. “आपल्याकडे कुठं असं काम होतं?”

काकांनी साखळी भिंगाखाली धरली. जरा जास्तच वेळ धरली. त्यांच्या शेजारच्या उघड्या खणात अगदी तशाच दोन साखळ्या अर्धवट घडवलेल्या पडल्या होत्या.

परक्या देशाचं नाव लावलं की वस्तूचं कौतुक वाढतं, एवढंच मला तेव्हा वाटलं होतं. ते नाव लावताना आपण ती घडवणाऱ्या कुणाच्या तरी हातांचं नाव पुसून टाकतो, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

काकांनी चिमट्यानं धागा काढला, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि गुडघ्यानं खण हळूच बंद केला.

“खरंय,” ते ताईला म्हणाले. “तिकडचे कारागीर फार जपून काम करतात.”