चांगुणानं राखलेलं गवत

आमच्या पिंपळगाव रेणुकाईत खुरपायला चांगुणाबाईसारखी बाई न्हाई. पन्नास वर्षं झाली, हातात खुरपं. हराळी दिसली की तिचा हात तिलाबी इचारीत न्हाई. हसनाबादला माझ्या भाच्यानं, काकासाहेबानं, बंगल्यापुढं हौसेनं लॉन लावलं. ते पाहायला मी चांगुणाला संगं घेऊन गेल्ते. आत चहा उकळेस्तोर बाईनं बाहेर अर्धं लॉन उपटून ढीग घातला, अन् वर काकासाहेबाला म्हणती, "बापू, लई माजली होती. मूळबी ठेवलं न्हाई, बेफिकीर ऱ्हा."

अशा बाईच्या हातून एक गवत वाचलं, ते सांगते.

माझी नात अर्पिता जर्मनीत शिकती. तिथं बाल्टिक म्हणून समुद्र हाये. थंडगार, अन् पाणी धड खारं न्हाई की गोड न्हाई, मचूळ इहिरीच्या पाण्यासारखं. त्याच्या तळाला गवत उगवतं, त्यात माशांची पिलं वाढतात. कोणत्या काठाला ते किती पसरलंय, याचा नकाशा करायचं काम पोरीकडं.

दसरा होऊन गेल्ता. दुपारी चांगुणा माझ्यापाशी शेंगा फोडत बसल्ती अन् अर्पिताचा फोन आला. पोरगी रडकुंडीला आल्ती. शेवटची एक खाडी राह्यलेली. तीन दिवस बोटीतून कॅमेरा खाली सोडला, पण काडी दिसली न्हाई. शनिवारी नकाशा द्यायचा होता. तिथं गवत न्हाई असं लिहिलं, की खाडी खोदून बोटींचा धक्का होणार. अन् तिथले म्हातारे कोळी सांगून राह्यले, गवत हाये म्हणून.

चांगुणानं फोनात तोंड घातलं. "गवत न्हाई म्हणून रडती? अगं, पेढे वाट!"

"आजी, हे गवत पाहिजे असतं."

"बरं बाई. पाणी कसंय?"

"हिरवंगार, गढूळ. शेतातलं खत वाहून येतं."

"मंग खाली उजेड जात नसंल. लिंबाच्या सावलीत हराळी वाढती का? ती बांधाला सरकती. बांध पाह्यला का तू?"

"कडेला पाणी गुडघाभर. बोट टेकते."

"म्हंजी मधलं वावर पाह्यलं अन् बांध सोडला! असल्या बाईला मी दुसऱ्या दिशी कामाला बोलवत न्हाई. खाली उतर. काठापासून पात धर." पात म्हंजी खुरपताना आपल्या वाटणीची पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पात संपल्याबिगर मान वर करायची न्हाई."

"आजी, पाणी लई थंड हाये गं."

"अन् आमच्या सोयाबीनमधी एसी लावल्ता का?"

दोन दिवस पोरीचा फोन न्हाई. चांगुणा रोज काही ना काही निमित्त काढून येई. एकदा विरजण मागायला, एकदा ते परत द्यायला. विरजण कुणी परत देतं का?

शुक्रवारी व्हिडिओवर फोन आला. अर्पिता रबरी विजार घालून मांडीभर पाण्यात उभी, ओठ निळे, पण दात सगळे दिसत होते. तिनं फोन खाली धरला. काठाकाठानं रिबिनीसारखी हिरवी पानं डोलत होती. पट्टी कुठं चार पावलं, कुठं सहा पावलं रुंद, पण साऱ्या खाडीला वळसा घालून गेलेली.

"खालून मुळी एकच हाये का पाह्य," चांगुणा म्हणाली.

"एकच, आजी! हराळीसारखीच पसरलीय."

मंग काय, चांगुणाची बोटं फोनच्या काचेवर वळवळायला लागली. "मातीला वल हाये पोरी, आत्ताच उपट, बराबर निघंल!"

"आजी!"

"बरं, बरं." तिनं हात पदराखाली दडवला.

नकाशा वेळेत गेला. खाडीच्या कडेनं हिरवी रेघ आली, अन् धक्का दुसरीकडं करायचं ठरलं. मी ही खबर सांगायला गेले तर चांगुणा माझ्याच बांधावर वाकून हराळी उपटत होती.

"अगं, आता तरी गवताची दया येऊ दे," मी म्हणाले.

"ते पोरीचं हाये, आक्का," ती मान वर न करता म्हणाली. "माझी पात अजून संपली न्हाई."