ताईचा रिपोर्ट भाऊजींच्या पिशवीत

मैत्रिणींनो, दुपारपासून डोकं सुन्न झालंय, तरी लिहिते.

ताईच्या छातीतली गाठ वाढली म्हणून आज मीच हट्टानं तिला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. भाऊजी सोबत होते. डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली, काख चाचपली, सोनोग्राफी केली. म्हणाल्या, "सुईनं तुकडा काढून तपासल्याशिवाय नक्की सांगता येत नाही."

ताई म्हणाली, "ते तं दिवाळीच्या आधीच पुसदले केलं. काही निघालं नाही म्हणे."

"रिपोर्ट कुठे आहे?"

ताईनं भाऊजींकडे पाहिलं. त्यांनी मान खाली घालून पिशवीतून घडी केलेला कागद काढला.

डॉक्टरीणबाईंनी तो वाचला. "यात कॅन्सर लिहिलाय. चार महिने झाले. हिला कोणी सांगितलं नाही?"

भाऊजी पुटपुटले, "बोंडअळीनं अर्धा कापूस खाल्ला. वेचायले मजूर भेटेना. म्हटलं, वेचणी झाली की सांगू."

ताई रडली नाही. एवढंच म्हणाली, "मी रोज वावरात कापूस वेचून राह्यली होती, अन् तुमाले माहीत होतं?"

आता काखेतही गाठ लागते. किती पसरलंय ते पाहायच्या तपासण्या उद्या आहेत. ताई माझ्याच घरी आली. भाऊजींच्या गाडीवर ती बसलीच नाही.

मला स्वतःचाही राग येतोय. 'काही निघालं नाही' हे भाऊजींच्या तोंडून ऐकून मीही खूश झाले होते. कागद मागितलाच नाही.

तुमचा रिपोर्ट आधी कोण वाचतं?