सुनेचा पाठ आणि माझा जळफळाट

बायांनो, खोटं कशाला बोलू, आज मी सुनेवर जळले.

छत्तीस वर्षांची, दोन पोरांची आई, आता मास्तरीण व्हायला डीएडच्या कॉलेजात जाते. उद्या तिचा पाठ आहे. म्हणजे शाळेत पोरांना शिकवून दाखवायचं आणि मागं बसून मॅडम मार्क देणार. दुपारी सरावाला घरात मीच होते.

"आई, तुम्ही पहिलीतल्या व्हा ना." पुठ्ठ्याचं घड्याळ पुढं धरून विचारते, "किती वाजले?"

"साडेचार. तुझ्या सासऱ्यांचा चहा टाक."

"शाब्बास! पण आधी हात वर करायचा हं."

मला सांगते! हिला भाकरी थापायला मी शिकवलं. उठले आणि म्हटलं, "असं शिकवलंस तर पोरं पळून जातील."

तिचं तोंड एवढंसं झालं. घड्याळ ठेवून चहा टाकायला गेली.

खरं तर झकास शिकवत होती. मला तिसरीतून काढलं, धाकट्या भावाला सांभाळायला. हिला माझा लेक रोज हडपसरहून गाडीवर कॉलेजला सोडतो.

उद्या पोर घाबरून चुकली तर ते माझ्यामुळं. चांगलं शिकवतेस, एवढंच सांगायचंय, पण जीभ रेटत नाही. तुम्ही सुनेला असलं कसं सांगता?