साहेबांच्या मंडपासाठी आमच्या रिंकला भोकं पाडली

कम्युनिटीतल्या दोस्तांनो, ब्रह्मपुरीतलं आमचं स्केटिंग रिंक आज सुरू होणार होतं. झालं नाही. आत्ताच घरी आले आणि रागारागानं हे लिहायला बसले.

भाताच्या गिरणीमागची मोकळी जागा भाड्यानं घेऊन मी आणि माझे भागीदार सलीमभाऊ यांनी तिथे फरशी केली. बारीकशा खड्ड्यातही स्केटचं चाक अडकतं, म्हणून सलीमभाऊंनी ती घासून घासून गुळगुळीत केली होती.

आणि आज आम्ही पोचायच्या आधीच, उद्घाटनाला बोलावलेल्या पुढारीसाहेबांच्या माणसांनी पहारीनं फरशी फोडून मंडपाचे खांब रोवले!

"काऊन फोडली?" मी ओरडले.

"साहेबाले ऊन लागंल नं बाई," एक जण म्हणाला. "चार भोकं तं हायेत. बुजवून टाका."

सलीमभाऊ फुटक्या कडांवरून हात फिरवत बसले. "इथी पोरगी आपटली तं डोकं फुटंल," ते म्हणाले. "आज कोनालेच आत सोडू नका."

मी खांब उपटायला लावले. साहेब आले, तेव्हा फाटकातच सांगितलं, "आज उद्घाटन नाई होत, भाऊ. तुमच्या मानसायनं फरशी फोडली."

"उद्घाटनाला बोलावून आमचा अपमान करता?" म्हणत ते गाडीत बसले. माफीचा एक शब्द नाही.

मागे, पहिल्या दिवशी खेळायला आलेल्या आणि केव्हापासून स्केट बांधून बसलेल्या मुली रडत रडत पट्टे सोडत होत्या.

तुम्हीच सांगा, अपमान कोणाचा झाला?