शालिनीबाईंचं लॅटिन

शालिनीबाई रस्त्यानं पुटपुटत चालायच्या. हातात पिशवी, नजर समोर आणि ओठ सारखे हलते. नवख्या माणसाला वाटावं, बाई जप करतायत. आमच्या वैशाखरे गावात आम्हाला ठाऊक होतं की तो जप नव्हे, लॅटिनचं व्याकरण होतं. आता 'आम्हाला' म्हणजे मला एकटीला. बाकीच्यांना मी सांगून थकले.

शहापूरच्या शाळेत त्यांनी जन्मभर संस्कृत शिकवलं. यजमान गेले, मूलबाळ नाही, म्हणून निवृत्तीनंतर माहेरच्या घरात येऊन राहिल्या. फोनला रेंज मिळायची ती माझ्या पिठाच्या गिरणीच्या ओट्यावर. रोज दुपारी तिथं बसून त्या एका परदेशी मास्तराचे व्हिडिओ बघायच्या. ही मेलेली भाषा शिकून बोलणार कुणाशी, असं मी एकदा विचारलं. म्हणाल्या, "अगं, संस्कृतची बहीण आहे ती. म्हातारपणी मावशी सापडली तर भेटायला नको?" आणि "व्याकरण तोंडात घोळल्याशिवाय जिरत नाही," हे तर त्यांचं पालुपदच. म्हणून घरी जाताना मोठ्यानं घोकायच्या : रोसा, रोसाय, रोसाम. गुलाबाची रूपं हो, दुसरं काही नाही!

वाटेत मंगलचं घर. तिची धाकटी पोर तापानं पडली, ताप हटेना. भगतानं तांदूळ पाहिले आणि सांगितलं, दारावरून रोज कुणीतरी मंत्र म्हणत जातं. झालं! बाया गिरणीच्या ओट्याला वळसा घालून जाऊ लागल्या. बाईंच्या उंबऱ्यावर टाचण्या टोचलेलं लिंबू आलं. असल्या गोष्टी कुठवर जातात ते मी लहानपणापासून ऐकलेलं. थोडे दिवस तोंड मिटून राहा, असं मी बाईंना विनवलं. "तोंड मिटलं तर म्हणतील, चोरी पकडली," त्या म्हणाल्या. तेही खरंच होतं.

मग एका संध्याकाळी मी बाईंकडे बसले असताना मंगल पोरीला घेऊन दारात आली आणि बाईंच्या पायांवर कोसळली. मागे गावातले पुरुष उभे होते. एकाच्या हातात कोयता होता. शेतावरून तसाच आला असेल, अशी मी मनाची समजूत घातली.

"बाई, तुमी लावलंय, तुमीच काढा. माजी पोर हातची जाईल."

बाईंनी पोरीच्या कपाळाला हात लावला. नाही म्हणा, मी काही लावलं नाही म्हणून सांगा, असं मी मनात घोकत होते. पण तसं सांगितलं असतं तर ती मंडळी पोरीला पुन्हा भगताकडेच नेणार होती.

"काढते," बाई म्हणाल्या. "पण इथं निघायचं नाही. मुरबाडच्या दवाखान्यात, सलाईन लावल्यावरच निघेल. जीप बोलवा."

मुरबाडपर्यंत पोर मांडीवर घेऊन त्या रूपं म्हणत होत्या. टायफॉईड निघाला. वेळेत आणलंत, असं डॉक्टर म्हणाले. पोर बरी होऊन घरी आली.

मला वाटलं, सुटलो. कसलं काय! आमच्याच घरात सासूबाई म्हणाल्या, "जिला काढता येतंय, तिला लावता नाय येनार?" मग कुणाचा बैल मेला, कुणाची म्हैस आटली, की सगळ्यांच्या नजरा बाईंच्या घराकडे. लिंबं बंद झाली आणि दगड सुरू झाले. भर दुपारी बाईंची कौलं फुटली तेव्हा मी त्यांच्याकडेच होते, धावत बाहेर आले, तर सगळी ओळखीचीच तोंडं. पोलिसात जाऊ म्हटलं, तर बाई म्हणाल्या, मग तुझ्या गिरणीवर कोण येईल? शेवटी वाशिंदचा भाचा गाडी घेऊन न्यायला आला.

मुरबाडपर्यंत सोडायला मीही बसले. मंगलच्या घरासमोर गाडी हळू झाली. पोर अंगणात खेळत होती, चांगली गुटगुटीत झालेली. बाईंना बघून तिनं हात हलवला. मंगल धावत आली आणि पदरानं तिनं पोरीचं तोंड झाकलं.

मी भाच्याला गाडी थांबवायला सांगितली. बाईंनी माझा हात दाबून धरला.

"तिचं काय चुकलं? काढते म्हणून मीच कबूल केलं ना." मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "पुन्हा कुणी पोर घेऊन दारात आलं, तरी हेच म्हणेन गं."