इंदुताईंची दाढ आणि गेटवरची मूठ

कारखान्याच्या टाउनशिपमध्ये, आनंद नगरात, इंदुमती ठवरे समोर दिसायची गरज पडत नाही. आवाज आधी येतो. यजमान गजाननराव कारखान्यातून रिटायर झाले, पण गेटवरच्या सभेत घोषणा द्यायची ती अजूनही इंदुताईंनीच.

यंदा प्रश्न दवाखान्याचा होता. टाउनशिपच्या दवाखान्यातली दातांची खोली बंद करायची आणि रिटायर्ड लोकांना शहरात पिटाळायचं, असं वर साहेबांच्यात शिजत होतं. पुढच्या सोमवारी गेटवर सभा ठरली. आणि नेमकी त्याच आठवड्यात इंदुताईंची अक्कलदाढ, हाडात आडवी अडकलेली, सुजून बसली. वर शुगर.

"काढावी लागेल," त्याच खोलीतल्या डॉक्टर वैजयंती पिंपुटकर म्हणाल्या. "शुगरमुळे जखम भरायला वेळ लागतो. म्हणून तुमच्याच रक्तातून पीआरपी, म्हणजे प्लेटलेट्सचा दाट रस, बनवून खड्ड्यात भरते."

"माझं रक्त? आणि नेणार कुठं?"

"हे काय, शेजारच्या टेबलावर."

"मग माझ्या डोळ्यांसमोर! कारखान्यातून खिळा न्यायचा तर गेटपास लागतो, आणि माझं रक्त असंच जाणार?"

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी खुर्चीच वळवून दिली. हातातून काढलेलं रक्त नळीत गेलं, नळी मशीनमध्ये गरगरली. थांबली तेव्हा लाल भाग तळाशी, वर पिवळसर पाणी.

"हा लाल थराच्या लगतचा भाग आपल्याला हवा. यात प्लेटलेट्स दाटीनं असतात. कुठं जखम झाली की याच आधी धावतात."

"म्हणजे मोर्चात पुढं असणाऱ्या."

"तशाच. पण जादू नाही हं. हिरडी लवकर भरून यायला मदत होते, दुखणंही कमी होऊ शकतं. हाडही लवकर भरेल याची खात्री मी देत नाही."

खात्री देणारे पुढारी इंदुताईंनी पोत्यानं पाहिले होते. न देणारी ही पहिलीच. त्यांनी तोंड उघडलं.

दाढ निघाली, रक्ताच्या त्याच भागाचा जेलीसारखा केलेला गोळा खड्ड्यात बसला, वरून टाके पडले. "थुंकायचं नाही, स्ट्रॉनं प्यायचं नाही, आणि टाके निघेपर्यंत घोषणा नाही," डॉक्टरांनी बजावलं. "जबडा ताणलात तर सगळं बाहेर येईल." इंदुताईंनी कापसाच्या बोळ्याआडून डोळे वटारले. सोमवार!

संध्याकाळी भोंगा झाला, शिफ्ट सुटली. ओट्यावर बसलेल्या इंदुताईंना पाहून वेल्डर गोविंदनं सायकलवरूनच नेहमीचा नमस्कार ठोकला, "इन्कलाब!"

जन्माची सवय. तोंडातून निघूनच गेलं, "जिंदाबाद!" पदरावर लाल डाग.

"अगं, माणूस नमस्कार करतो आणि तू फुटतेस!" गजाननराव त्यांना स्कूटरवर घालून पुन्हा दवाखान्यात घेऊन गेले. एक टाका ढिला झाला होता, आतलं शाबूत होतं. "थोडक्यात वाचलात," डॉक्टर म्हणाल्या. "आता एक शब्दही नाही."

म्हणून सोमवारी माईक रवींद्र सावजीकडे गेला. युनियनचा सेक्रेटरी, बोलायला गोड, आणि साहेबांशी बोलायला जरा जास्तच गोड. "साथियों, साहब लोग विचार कर रहे हैं. थोड़ा धीरज रखिए..."

धीरज! इंदुताईंचा जबडा ठणकला, शब्द दातांपर्यंत आला. त्यांनी तो गिळला, स्टूलवर चढल्या आणि मूठ वर केली. बस्स.

घोषणेचा पहिला अर्धा त्यांचा, उरलेला लोकांचा, हा गेटचा रिवाज. आज पहिला अर्धा आलाच नाही. लोक क्षणभर चुळबुळले. मग मागून कुणी बाई ओरडली, "दातों का कमरा!" आणि अख्खं गेट गरजलं, "बंद नहीं होगा!" मूठ खाली, मूठ वर. पुन्हा. पुन्हा. रवींद्रनं वारा ओळखला आणि तेच माईकवर म्हणू लागला. शेवटी मोठे साहेब ऑफिसातून खाली उतरले, आणि खोली चालूच राहील असं सगळ्यांसमोर माईकवर बोलून गेले.

टाके काढल्यावर डॉक्टरांनी आरसा धरला. खड्ड्यावर गुलाबी हिरडी भरून आली होती. "छान भरलंय. बोला आता."

"भरणारच. रक्त कुणाचं होतं?"

बाहेर रस्त्यावर गोविंद सायकल हातात धरून, मान खाली घालून निघाला होता.

"काय रे, नमस्कार विसरलास?"

"ताई, तुमचे टाके..."

"निघाले. ठोक आता!"

त्यानं भीत भीत ठोकला, "इन्कलाब!" इंदुताईंचं जिंदाबाद पार चौकात ऐकू गेलं.