चार वाव अंगण

माझी शाळा चौथीपर्यंत. त्यामुळे जसं घडलं तसं लिहितो. कुणाला टोचलं तर टोचू दे. टोचावं म्हणूनच लिहितोय.

सारसोळ्यात माझं घर आणि माझ्या धाकट्या चुलत भावाचं घर समोरासमोर. मधे अंगण. ते आमच्या आज्याने दोन मुलांत वाटून दिलेलं. आम्ही जाळं वावाने मोजतो. दोन्ही हात फाकवले की या बोटांपासून त्या बोटांपर्यंत एक वाव. आज्याने अंगणही तसंच मोजलं. चार वाव ह्याचे, चार वाव त्याचे, विषय संपला. कागद नाही की खुणेचा दगड नाही. आज्या बुटका होता, हे कुणी लिहून ठेवलं नाही.

आमच्या चार वावांत माझ्या बायकोचं खळं होतं. शेणाने सारवलेलं, हद्दीवर कालवांच्या शिंपल्यांची रांग रोवलेली. त्यावर ती जवळा, म्हणजे खाडीतली बारीक कोळंबी, वाळवायची आणि बाजारात नेऊन विकायची. चप्पल घालून कुणी खळ्यात पाय टाकला की चुलीजवळून ओरडायची. मला तर दोनदा झाडूने हाकललंय.

पुढे नव्या शहरासाठी शेतं गेली. भावाला कारखान्यात नोकरी लागली. मुंबईची पगारवाली माणसं खोल्या शोधत गावात फिरायला लागली, तशी भावाने मागे दोन खोल्या काढून भाडेकरू ठेवले. भाडेकरणीला जवळ्याचा वास सोसेना. मग एका रविवारी भाऊ दोर घेऊन दारात.

"दादा, हद्दीवर भिंत घालतो. चार वाव माझे, चार तुझे. आज्यानं ठरवलंय तसंच."

"घाल की."

"मग धर हे टोक."

मी धरलं. त्याच्या घराच्या जोत्याशी टोक धरून उभा राहिलो आणि तो हात फाकवत, दोर मोजत आमच्याकडे सरकत आला. भाऊ ताडासारखा उंच. त्याचा चौथा वाव शिंपल्या ओलांडून दीड हात आमच्या खळ्यात येऊन थांबला.

बायको पदर खोचून पुढे झाली. "भावजी, ह्यो वाव तुमच्या हाताचा. आजेसासऱ्यांच्या हाताचा न्हाय."

"वयनी, वाव म्हंजे वाव. आता आज्याचे हात काय भाड्यानं आनू?"

बघायला जमलेले हसले. मीही हसलो. बायकोने माझ्याकडे पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "दोर तुमी धरलात."

भिंत पुरुषभर उंच झाली. शिंपल्या पलीकडे भरावाखाली गेल्या. दीड हात गेला ते एक, पण दुपारनंतर राहिलेल्या खळ्यावर सावली पडायची. जवळा ओला राहून लालसर व्हायचा, कुबट वास धरायचा. मग ती टोपली डोक्यावर घेऊन रस्त्याच्या कडेला जायची. तिथून मुरूम भरलेले ट्रक दिवसभर जायचे. धूळ जवळ्यात. बाजारात गिऱ्हाइकं विचारायची, "काय गं, जवळा विकतेस का खडी?" जिच्या जवळ्यासाठी शेजारच्या करावे गावातून बायका यायच्या, तिने दोन वर्षांत बाजारात बसणं सोडलं. भाऊ रोज समोरून जायचा. "काय वयनी, बरं हाय ना?" म्हणायचा.

पुढे तिला कावीळ झाली. आजारपणात एकदा मला जवळ बसवून म्हणाली, "भिंत ऱ्हाऊ द्या. पन खळं कुनाचं हाय, ते एकदा त्याच्या तोंडानं वदवा." मी हो म्हणालो. ती गेली तेव्हा भिंत तशीच होती आणि मीही काही बोललो नव्हतो.

वर्ष झालं नसेल, भावाने एक कंत्राटदार आणि एक इंजिनीयर आणला. गावाभोवती बिल्डिंगी उठत होत्या, तशी आमच्या दोन जागांवर उठेल का, हे बघायला. इंजिनीयरने टेप ओढली, चुना टाकला, भरतीचं पाणी कुठवर येतं, गटार कुठून काढायचं, सगळं विचारलं. मग माझ्या ओट्यावर बसून कागदावर रेघा मारल्या.

"एकेकट्या जागेवर काही होत नाही. जिना बसवला की खोल्याच उरत नाहीत. दोन्ही जागा एक करा. जिना मधोमध, दोन्हीकडे खोल्या. तीन मजले आरामात."

मधोमध म्हणजे खळ्यावर.

भाऊ माझ्या गुडघ्याला हात लावून बोलत होता. "दादा, तुला दोन खोल्या, मला दोन. बाकीच्या विकू. तू फक्त हो म्हन."

मी म्हणालो, "आधी हद्द कुठं हाय ते सांग. पंचांसमोर. मग बघू."

मी 'बघू' म्हणालो. देतो म्हणालो नाही.

तो दोन दिवस घुटमळला. कंत्राटदार निघून जाईल ही भीती. तिसऱ्या दिवशी गावचे पाच जण अंगणात बसवले. त्यांच्यासमोर मान खाली घालून म्हणाला, "भिंत दीड हात आत हाय. खळं वयनीचं व्हतं."

"मोठ्यानं बोल. हे म्हातारे बहिरे हायत."

पुन्हा बोलला. भिंतीकडे बोट दाखवून मी म्हटलं, "मग पाड." त्याने पहार आणली आणि स्वतः पाडली, कारखान्याची पँट धुळीने पांढरी होईपर्यंत. मी ओट्यावर बसून विडी ओढली, हात लावला नाही. मग पलीकडचा भराव उकरायला लावला. वीतभर खाली शिंपल्या निघाल्या, अजून रांगेत.

भिंत पडेपर्यंत थांबलेल्या इंजिनीयरने संमतीचा कागद पुढे केला. भावाने पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मी टोपण लावून परत दिलं.

"बघितलं. न्हाय द्यायची."

"दादा, फसवलंस!"

"मी कुठं फसवलं? आज्याचे हात भाड्यानं आनलेस, आता परत कर."

या वेळी जमलेले हसले तेव्हा मी हसलो नाही. त्याचं तोंड बघत होतो. पोटभर बघितलं.

मुलं माझ्यावर वर्षभर रागावली, फ्लॅट हातचा गेला म्हणून. त्यांचं चुकलं नाही. पण भिंत पडली त्याच्या दुसऱ्याच दिवशी मी शेण आणून खळं शिंपल्यांपर्यंत सारवलं. मला सारवता येत नाही, ओंगळ झालं, तिने झाडूच घेतला असता. खाडीत जवळा मिळेनासा झाला तेव्हा मी ओला जवळा बाजारातून विकत आणला आणि अगदी शिंपल्यांना चिकटून पसरला. भर उन्हात भावाच्या घराच्या खिडक्या धाडधाड बंद व्हायच्या. मी मोजायचो. एक, दोन, तीन. चौथी त्याच्या स्वतःच्या खोलीची होती. ती बंद झाल्यावरच मी जेवायला उठायचो.